तबकडीत अडकलेले नकाशे

स्थलनिर्देशक नकाशा शिकवताना वर्गात एक साधा प्रयोग करता येतो. नकाशाची छायाप्रत घ्यायची आणि तिच्या चारही बाजूंची किनार कापून टाकायची. अक्षांश-रेखांशांचे आकडे जातात, कोपऱ्यातला क्रमांक जातो, खालची मोजपट्टी जाते. मधल्या नद्या, रस्ते आणि समोच्च रेषा मात्र जशाच्या तशा राहतात. मग मुलांना विचारायचे, "हा भाग कोठला?" ओळखीचे गाव दिसले तर काही मुले उत्तर देतील. इतरांच्या दृष्टीने ते नुसते चित्र असते. त्या चित्राचा नकाशा होतो तो किनारीवरच्या मोजक्या आकड्यांमुळे.

आता बहुतेक नकाशे संगणकाच्या माहितीसाठ्यात असतात. तेथून हवा तो भाग चित्ररूपाने बाहेर काढून फाईलमध्ये ठेवणे हे काही क्षणांचे काम झाले आहे. पण त्या काही क्षणांतही किनार कापली जाऊ शकते. दुसरा धोका याहून मोठा आहे. साठ्यातून बाहेर पडण्याची वाटच बंद झाली तर? ब्रिटनमधील एका प्रकल्पावर ही वेळ खरोखरच आली होती. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्याला हातभार लावला होता आणि त्यातला बराचसा मजकूर शाळकरी मुलांनी लिहिला होता. म्हणून त्याची हकिगत शिक्षकांपुढे मांडावी असे आम्हाला वाटते.

नऊशे वर्षांनी पुन्हा पाहणी

नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकले. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे त्याने सगळ्या राज्याची पाहणी करण्याचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी त्याची माणसे मुलूखभर फिरली. जमीन कोणाची, नांगर किती, गिरण्या किती, कुरणे किती, असे प्रश्न विचारून त्यांनी उत्तरे लिहून घेतली. ही सारी माहिती लॅटिन भाषेत चर्मपत्रावर उतरवली गेली. लंडन, विंचेस्टर आणि अगदी उत्तरेकडील काही मुलूख तीत नाही. तरीही तेरा हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद तीत सापडते. या दप्तराच्या निर्णयावर अपील नाही, म्हणून लोकांनी त्याला अंतिम न्यायाच्या दिवसाचे नाव दिले : डूम्सडे बुक. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ते आजही आहे. लॅटिन आणि जुने हस्ताक्षर ज्याला येते, त्याला ते वाचता येते. वाचण्यासाठी डोळे आणि उजेड यांखेरीज दुसरे कोणतेही साधन लागत नाही.

या ग्रंथाला नऊशे वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने बीबीसीने एकॉर्न, फिलिप्स आणि लॉजिका या कंपन्यांच्या साह्याने नवी पाहणी हाती घेतली आणि १९८६ साली ती प्रसिद्ध केली. या वेळी माहिती गोळा केली ती सरकारी अंमलदारांनी नव्हे, तर शाळांनी आणि गावोगावच्या मंडळांनी. आणखी हजार वर्षांनी लोकांना काय जाणून घ्यावेसे वाटेल, ते तुम्ही लिहा, असे त्यांना सांगण्यात आले. मुलांनी आपले गाव, आपली शाळा, आईवडिलांची कामे, आपले खेळ यांविषयी लिहिले आणि छायाचित्रे काढली. १,४७,८१९ पाने मजकूर आणि २३,२२५ छायाचित्रे जमा झाली.

चार किलोमीटर गुणिले तीन किलोमीटर

एवढी माहिती रचायची कशी? अकारविल्हे लावली तर शेजारची दोन गावे एकमेकांपासून दूर जातात. परगण्यांप्रमाणे लावली तर परगण्यांच्या सीमा बदलतात. म्हणून प्रकल्पाने नकाशाचाच आधार घेतला. ऑर्डनन्स सर्व्हे ही ब्रिटनची नकाशे तयार करणारी संस्था. तिने सगळ्या बेटावर चौरसांची एक काल्पनिक जाळी टाकलेली आहे. नैर्ऋत्येकडील एका ठरावीक बिंदूपासून पूर्वेकडे किती मीटर आणि उत्तरेकडे किती मीटर, एवढे दोन आकडे सांगितले की ठिकाण निश्चित होते. याच जाळीवर देशाचे सुमारे २३,००० आयत पाडण्यात आले. प्रत्येक आयत पूर्व-पश्चिम ४ किलोमीटर आणि दक्षिण-उत्तर ३ किलोमीटर होता.

चार आणि तीनच का? कारण त्या काळच्या दूरदर्शन संचाच्या पडद्याची लांबी-रुंदी ४:३ या प्रमाणात असे. एक आयत एका पडद्यावर नेमका मावत होता. याच्या वर ४० गुणिले ३० किलोमीटरचे मोठे आयत होते. त्यांतील प्रत्येकात १०० लहान आयत बसत. त्याच्याही वर सगळ्या देशाचा नकाशा होता. देशाच्या नकाशावर एका जागी खूण केली की मोठा आयत पडद्यावर येई; त्यात खूण केली की लहान आयत आणि त्या आयतातील मुलांनी लिहिलेली पाने येत. आज फोनवरील नकाशात दोन बोटांनी आपण जे करतो, त्याचाच हा पूर्वावतार होता.

येथे वर्गात करण्याजोगी दोन छोटी गणिते आहेत. एका लहान आयताचे क्षेत्रफळ १२ चौरस किलोमीटर. २३,००० आयतांचे २,७६,००० चौरस किलोमीटर होतात, पण ब्रिटनचे क्षेत्रफळ सुमारे २,४३,००० चौरस किलोमीटरच आहे. जास्तीचे क्षेत्र आले कोठून? किनाऱ्यावरच्या आयतांत समुद्रही आला, हे मुले थोड्या विचाराने सांगू शकतील. दुसरे गणित असे. प्रत्यक्ष पाहणी झाली ती १,०८,००० चौरस किलोमीटरहून थोड्या अधिक क्षेत्राची. त्याला १२ ने भागले की सुमारे ९,००० आयत येतात. म्हणजे निम्म्याहून अधिक आयत मजकुराविना राहिले. नकाशे मात्र सगळ्यांचे होते.

चित्रे एकीकडे, पत्ते दुसरीकडे

नकाशे आणि छायाचित्रे साठवायची कोठे, हा प्रश्न त्या काळी सोपा नव्हता. संगणकातील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. अशा नकाशाला रास्टर नकाशा म्हणतात आणि एका ठिपक्याला पिक्सेल. दूरदर्शनच्या दर्जाचे एक चित्र आडवे ७६८ आणि उभे ५७६ ठिपक्यांचे धरू. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट लागतात. ७६८ × ५७६ × ३ म्हणजे सुमारे १३ लाख २७ हजार बाइट. फिलिप्सने तयार केलेल्या लेसर तबकडीच्या एका बाजूवर सुमारे ३०० मेगाबाइट अंकीय माहिती मावत असे. म्हणजे चित्रे केवळ सव्वादोनशे! चित्रे दाबून लहान करण्याची जेपेग पद्धत प्रमाणित झाली ती १९९२ साली, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी.

यावर काढलेली तोड हुशारीची होती. लेसर तबकडी ही मुळात चित्रपटासाठी बनलेली वस्तू. तिच्या एका बाजूवर ३६ मिनिटांचा चित्रपट मावे आणि दर सेकंदाला २५ चित्रे पुढे सरकत. ३६ × ६० × २५ म्हणजे ५४,००० चित्रे. चित्रपट चालवलाच नाही आणि तबकडी एकाच वेढ्यावर फिरत ठेवली, तर पडद्यावर एक स्थिर चित्र दिसते. म्हणून नकाशे आणि छायाचित्रे चित्रपटाच्या चौकटींप्रमाणे तबकडीवर नोंदवण्यात आली. ही नोंद अंकीय नव्हती. दूरदर्शनच्या संदेशासारखी सलग चढउतारांची होती. मजकूर, आकडेवारी आणि सूची ही अंकीय माहिती तबकडीवर एरवी ध्वनी असतो त्या जागेत ठेवली गेली.

पुढे काय घडले ते समजण्यासाठी ही विभागणी नीट लक्षात घ्यायला हवी. तबकडीवरील चौकटीला क्रमांक होता, ठिकाण नव्हते. अमुक क्रमांकाची चौकट जाळीवरच्या कोणत्या आयताची, हे सांगणारी सूची अंकीय भागात होती. ती सूची समजत होती फक्त त्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलीला. आज्ञावली चालत होती फक्त खास भाग जोडलेल्या बीबीसी मास्टर संगणकावर. आणि हा संगणक जोडलेला होता एका खास तबकडीवाचकाला. तबकडीवाचक चित्र देई, संगणक त्यावर अक्षरे उमटवी आणि दोन्ही मिळून पडद्यावर नकाशा दिसे. यातले काहीही एक नसेल तर उरलेल्याचा उपयोग शून्य.

पंधरा वर्षांनी

सगळ्या संचाची किंमत काही हजार पौंड होती. ज्या शाळांनी माहिती जमवली, त्यांतल्या बहुतेकांना तो विकत घेणे परवडले नाही. आपण लिहिलेले पान पडद्यावर पाहण्याचे भाग्य असंख्य मुलांना लाभलेच नाही. संच फारसे खपले नाहीत, म्हणून तबकडीवाचकही थोडेच बनले. पुढे संगणकांची तऱ्हा बदलली, लेसर तबकड्या मागे पडल्या आणि उरलेले वाचक एकेक करून नादुरुस्त झाले.

२००२ च्या सुमारास ब्रिटनमधील वृत्तपत्रांत या विषयाची चर्चा सुरू झाली. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र वाचता येते आणि पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची तबकडी वाचता येत नाही! पण यात चर्मपत्र श्रेष्ठ आणि संगणक कनिष्ठ असा धडा शोधणे योग्य होणार नाही. तबकड्या झिजल्या नव्हत्या. त्यांवरची नोंद शाबूत होती. हरवत चालली होती ती बाहेर काढण्याची वाट. प्रकल्प उभारताना माहिती आत कशी घ्यायची, याचा फार बारकाईने विचार झाला होता. पुढेमागे ती बाहेर कशी काढायची, याची तजवीज मात्र पुरेशी नव्हती.

सुटकेचे दोन मार्ग

पहिला मार्ग लीड्स आणि मिशिगन या विद्यापीठांच्या कॅमिलिऑन नावाच्या संयुक्त प्रकल्पाने धरला. चालू स्थितीतील तबकडीवाचक मिळवून त्यांनी तो साध्या संगणकाला जोडला. अंकीय फाईली उतरवून घेतल्या आणि चित्रांच्या चौकटी एकेक करून टिपल्या. आपल्या वरच्या हिशेबाने एका बाजूच्या ५४,००० चौकटींना सुमारे ७० गिगाबाइट जागा लागते. १९८६ साली जे अशक्य होते, ते २००२ साली एका साध्या चकतीवर मावत होते. मग त्यांनी आधुनिक संगणकावर जुन्या बीबीसी संगणकाचे हुबेहूब सोंग आणणारी आज्ञावली तयार केली. त्या सोंगाच्या पोटात मूळ आज्ञावली पूर्वीप्रमाणेच चालू लागली. येथे सूचीचा अर्थ लावावा लागला नाही. अर्थ लावणाऱ्यालाच जिवंत केले गेले.

दुसरा मार्ग राष्ट्रीय अभिलेखागारासाठी काम करणाऱ्या गटाचा. तबकडी तयार करण्यापूर्वी चित्रे एक इंच रुंदीच्या चित्रफितींवर नोंदवलेली होती. या मूळ फिती शोधून काढून अंकीय स्वरूपात आणण्यात आल्या. मूळ असल्यामुळे त्यांवरची चित्रे तबकडीहून चांगली होती. परंतु फितीवर फक्त चित्रे होती, पत्ते नव्हते. म्हणून तबकडीवरील अंकीय माहितीची रचना उलगडावी लागली. कोणती चौकट कोणत्या आयताची, हे त्यातून ठरवले गेले आणि मग चित्र व पत्ता यांची पुन्हा सांगड घातली गेली. किनार कापलेल्या हजारो नकाशांना एकेक करून किनार चिकटवण्याचेच हे काम होते.

२००४ साली हे साहित्य संकेतस्थळावर आले. पण ते स्थळ प्रामुख्याने एका व्यक्तीच्या भरवशावर चालत होते. २००८ साली त्यांचे निधन झाले आणि स्थळ बंद पडले. म्हणजे वाट यंत्रामुळेच बंद होते असे नाही. ती एकाच माणसाच्या हाती असली तरी बंद होते. २०११ साली बीबीसीने स्वतः हे आयत पुन्हा लोकांपुढे ठेवले आणि पंचवीस वर्षांत आपल्या आयतात काय बदलले, ते लिहायला सांगितले. २०१८ साली ते स्थळही थांबले, पण या वेळी त्याची प्रत आधीच राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात गेलेली होती.

किनार फाईलमध्ये कशी जाते

बीबीसीच्या या नव्या स्थळावर प्रत्येक आयताचे नावच त्याचा पत्ता होते. हॅम्पशायरमधील ओडिहॅम गाव ज्या आयतात येते, तो 'जीबी-४७२०००-१५००००'. म्हणजे त्याचा नैर्ऋत्य कोपरा जाळीच्या आरंभबिंदूपासून ४,७२,००० मीटर पूर्वेला आणि १,५०,००० मीटर उत्तरेला आहे.

या आयताचा रास्टर नकाशा आज साठ्यातून बाहेर काढायचा आहे असे समजू. चित्र ८०० गुणिले ६०० पिक्सेलचे असेल, तर ४,००० भागिले ८०० म्हणजे एक पिक्सेल ५ मीटरचा. चित्राची मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते. तो कोपरा ४,७२,००० पूर्व आणि १,५३,००० उत्तर येथे आहे. चित्राच्या फाईलसोबत 'वर्ल्ड फाईल' नावाची छोटी मजकूर-फाईल ठेवण्याची पद्धत आहे. तिच्यात सहा ओळी असतात :

५
०
०
-५
४७२००२.५
१५२९९७.५

पहिली ओळ पिक्सेलची रुंदी. मधली दोन शून्ये सांगतात की चित्र तिरके नाही. चौथ्या ओळीतला आकडा ऋण आहे, कारण चित्रात खाली जाऊ तसतसा उत्तरेचा आकडा कमी होतो. शेवटचे दोन आकडे कोपऱ्यातल्या पहिल्या पिक्सेलच्या मध्यबिंदूचे. म्हणून कोपऱ्यापासून अडीच मीटर आत. आता पहिल्या पिक्सेलपासून २०० घरे उजवीकडे आणि १०० घरे खाली असलेला पिक्सेल घ्या. त्याचे ठिकाण ४७२००२.५ + १,००० म्हणजे ४७३००२.५ पूर्व आणि १५२९९७.५ - ५०० म्हणजे १५२४९७.५ उत्तर. सहा ओळी आणि शाळेतली बेरीज-वजाबाकी, एवढ्यावर चित्रातला प्रत्येक ठिपका जमिनीवर उतरतो.

तरीही एक गोष्ट उरतेच. हे आकडे कोणत्या जाळीतले? 'जीबी' ही अक्षरे शोभेसाठी नाहीत. आयर्लंडच्या बेटाला स्वतःची वेगळी जाळी आहे आणि उत्तर आयर्लंडचे नकाशे तिच्यावर बसतात. ३,३३,००० पूर्व आणि ३,७४,००० उत्तर हे आयर्लंडच्या जाळीत बेलफास्ट शहर होय. तेच आकडे ब्रिटनच्या जाळीत घातले, तर आपण समुद्र ओलांडून लिव्हरपूलच्या दक्षिणेला चेशायरमध्ये पोहोचतो. आकडे अचूक, ठिकाण साफ चुकीचे! वर्ल्ड फाईलमध्ये जाळीचे नाव नसते. ते वेगळे जपावे लागते. ही उणीव १९९० च्या दशकात तयार झालेल्या जिओटिफ या चित्रप्रकाराने भरून काढली. तीत मोजमाप, कोपरा आणि जाळीचे नाव चित्राच्या फाईलच्या आतच लिहिलेले असते. २०१९ साली ही पद्धत औपचारिक आंतरराष्ट्रीय मानक ठरली.

पोस्टजीआयएस हा सर्वांना खुला असलेला स्थलमाहितीचा साठा २००१ साली कॅनडात सुरू झाला. २०१२ सालच्या आवृत्तीपासून त्यात रास्टर नकाशेही ठेवता येतात. मोठा नकाशा लहान फरशांसारखा तोडून ठेवतात आणि प्रत्येक फरशीसोबत तिचा कोपरा, पिक्सेलचे माप आणि जाळीचा क्रमांक असतो. बाहेर काढताना हव्या त्या फरशा जोडून फाईल करता येते. जिओटिफ मागितली तर पत्ता सोबत येतो. साधे पीएनजी चित्र मागितले तर चित्र तेवढेच देखणे येते, पण किनार साठ्यातच राहते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, म्हणून ही चूक चटकन लक्षात येत नाही.

वर्गासाठी

गावाचा नकाशा करणे, जुन्या विहिरींची नोंद घेणे, झाडे मोजणे असे उपक्रम आपल्या शाळांतही होतात. मुलांचे ते काम पंचवीस वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडावे असे वाटत असेल, तर सुरुवातीलाच तीन गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवतो.

पहिली : प्रत्येक छायाचित्राचे अक्षांश, रेखांश आणि तारीख वहीत हाताने लिहून ठेवावी. फोन ही माहिती चित्राच्या फाईलमध्ये लिहू शकतो, पण निरोपांच्या ॲपवरून चित्र पाठवताना ती बहुधा गळून पडते. दुसरी : सगळे काम एकाच ॲपमध्ये किंवा एकाच संकेतस्थळावर ठेवू नये, साध्या चित्रांच्या आणि साध्या मजकुराच्या फाईलींत त्याची प्रत काढावी. तिसरी : ही प्रत शाळेबाहेर आणखी एका ठिकाणी ठेवावी आणि दर दोन-तीन वर्षांनी उघडून पाहावी. उघडते का, आणि उघडल्यावर हे चित्र कोठले ते कळते का, हे दोन्ही तपासावे.

१९८६ साली वहीत आपल्या गावाविषयी लिहिणारी मुले आता पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांतल्या अनेकांनी आपले पान पहिल्यांदा पाहिले ते २०११ साली, मोठेपणी. ते पाहता आले, कारण चित्रे टिकली. आणि ते त्यांच्याच गावाचे म्हणून सापडले, कारण कोणीतरी प्रत्येक चित्राचा पत्ता शोधून पुन्हा त्याच्याशी जोडला.